टर्मिनलवर तारीख छापताना वर्ष आधी की दिवस आधी?

गिरगाव_टर्मिनल
कमांड लाइनवरून (टर्मिनलच्या खिडकीत टाइप केलेल्या हुकुमांनी) तारीख छापणाऱ्या प्रत्येक स्क्रिप्टमध्ये वर्ष-महिना-दिवस हाच क्रम हवा आणि तिरक्या रेघा साफ बंद व्हायला हव्यात, असं माझं ठाम मत आहे.

तारीख छापणाऱ्या डेट कमांडला अधिक चिन्ह, टक्का आणि कॅपिटल एफ (+%F) दिलं की 2025-04-03 असं छापून येतं. तारीख-वेळ लिहिण्याचं आयएसओ 8601 हे आंतरराष्ट्रीय मानक 1988 साली आलं, त्यातलाच हा क्रम. फाइलच्या नावात हीच तारीख घातली की यादी काढल्यावर फाइली आपोआप कालक्रमाने लागतात. दिवस आधी घेतलात तर 1 एप्रिल, 1 मे आणि 1 जून शेजारी बसतात आणि 2 एप्रिल शोधत बसावं लागतं.

खरा धोका तारीख वाचण्यात आहे. जीएनयू डेटला, म्हणजे लिनक्सवरच्या डेट कमांडला, मायनस डी (-d, म्हणजे दिलेली तारीख वाच) देऊन 03/04/2025 वाचायला सांगा. तो 4 मार्च सांगतो, कारण तिरकी रेघ दिसली की तो अमेरिकन क्रम धरतो. आपला 3 एप्रिल महिनाभर मागे गेला, एरर काही नाही. 13 एप्रिल दिलात तर मात्र 'इनव्हॅलिड डेट' म्हणून अडतो. म्हणजे महिन्याचे पहिले 12 दिवस स्क्रिप्ट गुपचूप चुकीच्या तारखा भरते आणि तेराव्या दिवशी बंद पडते. तोवर झालेल्या नोंदी कोण निस्तरणार?

मशीदबंदर_हिशेब
मुद्दा पटतो, पण तारीख शेवटी वाचणार कोण? मी व्यापाऱ्यांच्या पेढ्यांसाठी स्क्रिप्ट लिहितो. त्यांच्या बिलावर दिवस आधी, चलनावर दिवस आधी. बँकेच्या चेकवर आठ चौकोन असतात, तिथेही आधी दिवस, मग महिना, मग वर्ष. मेहताजींच्या हातात 2025-04-03 ठेवलं तर ते मला फोन करून विचारतात, हा मार्च की एप्रिल? घोटाळाच टाळायचा असेल तर महिना अक्षरी छापा. टक्का डी म्हणजे दिवस, टक्का बी म्हणजे महिन्याचं नाव, टक्का कॅपिटल वाय म्हणजे वर्ष. '03 एप्रिल 2025' हे कुणीही चुकीचं वाचू शकत नाही.

गिरगाव_टर्मिनल
माणूस चुकणार नाही, पुढची स्क्रिप्ट चुकेल. टक्का बी महिन्याचं नाव लोकेलप्रमाणे, म्हणजे मशीनवर निवडलेल्या भाषेप्रमाणे छापतो. एका मशीनवर मराठी लोकेल, दुसऱ्यावर इंग्रजी, की ग्रेप या मजकूर शोधणाऱ्या कमांडची ओळ तारीख न सापडता कोरडी परत येते. अक्षरी महिना हवाच असेल तर कमांडच्या आधी एलसी_ऑल बरोबर सी लिहा, म्हणजे नाव सगळीकडे सारखं येईल. छापायचा कागद वेगळा आणि साठवायची फाइल वेगळी, एवढा भेद तरी पाळू या.

रात्रपाळी_अंधेरी
तुम्ही दोघंही क्रमावर भांडताय आणि वेळ कुठली ते कुणी बोलतच नाही. सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर ठेवा, मायनस यू देऊन वेळ छापा, विषय संपला. आमचे ग्राहक लंडनमध्येही आहेत. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं मागे जातात आणि रात्रीचा दीड दोनदा वाजतो. स्थानिक वेळेवर लॉग ठेवलात तर कुठली ओळ आधीची हे कळायला मार्ग नाही. आपल्या प्रमाणवेळेसाठी नुसतं 'आयएसटी' लिहूनही भागत नाही. इस्रायल आणि आयर्लंडही तीच तीन अक्षरं वापरतात.

भांडुप_बॅकअप
इथे माझा कडक विरोध. मुंबईत बसून यूटीसीने फाइलींना नावं देणं चूक आहे. रात्री 12 ते पहाटे 5:30 या वेळात यूटीसीची तारीख आदल्या दिवसाची असते, आणि नेमके आपले बॅकअप, दिवसाअखेरचे हिशेब, रिपोर्ट याच वेळात चालतात.

31 मार्चची रात्र डोळ्यांसमोर आणा. घड्याळात 1 एप्रिलचे पहाटेचे 2 वाजलेत, नवं आर्थिक वर्ष सुरू झालंय. यूटीसीत अजून 31 मार्च, रात्रीचे 8:30. त्या वेळी बनलेली फाइल जुन्या वर्षाच्या फोल्डरमध्ये जाऊन पडते. ऑडिटवाल्याला तुम्ही यूटीसी समजावत बसणार का? स्क्रिप्टच्या डोक्यावर टीझेड (वेळेचा झोन ठरवणारी सेटिंग) बरोबर एशिया/कोलकाता लिहा आणि मग तारीख काढा. सर्व्हर कुठेही असो.

रात्रपाळी_अंधेरी
नाव द्यायला कोलकाता झोन चालेल, एवढं मान्य. पण लॉगच्या ओळीत यूटीसीच. व्यवहाराची तारीख आणि घटना घडल्याची वेळ या दोन वेगळ्या नोंदी आहेत, त्या एकाच रकान्यात कोंबल्या की हे असं होतं.

जुने_कागद_परळ
भारतात घड्याळ कधी हललंच नाही असं धरून चालणाऱ्यांसाठी एक गोष्ट. टीझेड कोलकाता ठेवून डेटला 15 ऑगस्ट 1943 द्या आणि टक्का झेड, म्हणजे यूटीसीपासूनचा फरक छापा. उत्तर +0630 येतं. युद्धकाळात देशाचं घड्याळ तासभर पुढे होतं आणि झोनच्या डेटाबेसमध्ये ते नोंदलेलं आहे.

मुंबईची नोंद मात्र त्यात नाही. 1906 पासून देशाची प्रमाणवेळ आली तरी या शहराने आपली वेळ सोडली नाही. ती यूटीसीच्या 4 तास 51 मिनिटं पुढे, म्हणजे प्रमाणवेळेच्या 39 मिनिटं मागे, आणि 1955 पर्यंत वापरात होती. त्या काळातल्या मुंबईच्या कागदावरची वेळ कोलकाता झोनमध्ये घातलीत तर ती चुकू शकते. म्हणून वेळेबरोबर फरक आकड्यात लिहा. आम्ही जुन्या नोंदी चढवताना +04:51 असं स्वतः लिहितो. मायनस कॅपिटल आय आणि पुढे सेकंड्स दिलं की आजच्या वेळेला +05:30 डेट स्वतःच जोडतो.

ठाणे_शिकाऊ
मॅकवर मायनस डी चालतच नाही, काय करू? आणि टर्मिनलवर नीट चालणारी ओळ क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कमांड आपोआप चालवणारी सोय) टाकली की अर्धवट तुटते.

भांडुप_बॅकअप
मॅकचा डेट जीएनयूचा नाही, बीएसडी या वेगळ्या युनिक्स घराण्यातला आहे. तिथे मायनस जे, मायनस एफ आणि मग तुमच्या तारखेचा नमुना द्यावा लागतो. त्यामुळे क्रम तुम्हीच सांगता, तो अंदाज बांधत नाही. मला ही पद्धत जीएनयूपेक्षा सुरक्षित वाटते. क्रॉनचं कारण वेगळं. क्रॉनटॅबमध्ये, म्हणजे क्रॉनच्या यादीच्या फाइलीत, टक्का म्हणजे नवी ओळ, आणि पहिल्या टक्क्यानंतरचं सगळं कमांडला इनपुट म्हणून जातं. प्रत्येक टक्क्याआधी बॅकस्लॅश लावा, किंवा सरळ वेगळी स्क्रिप्ट करून क्रॉनमध्ये तिचं नुसतं नाव लिहा.

मशीदबंदर_हिशेब
शिकाऊ मित्रा, अक्षरांच्या आकाराकडेही लक्ष दे. लहान एम म्हणजे महिना, कॅपिटल एम म्हणजे मिनिटं. सकाळी 10:04 ला चालवलंस तर एप्रिलमध्ये दोन्ही 04च दाखवतील आणि चूक कळणारही नाही. टक्का कॅपिटल डी तर वापरूच नकोस, तो अमेरिकन क्रम छापतो आणि वर्षही दोनच आकडी देतो.

गिरगावकर, साठवायच्या फाइलीत वर्ष आधी, हे मी उद्यापासून लावतो. मेहताजींच्या कागदावर दिवसच आधी येणार, त्यात बदल नाही.

गिरगाव_टर्मिनल
मग त्या कागदावरून कुणी पुन्हा टायपून स्क्रिप्टला तारीख देणार असेल, तर ती तपासणार कोण, तेवढं सांगा.