मदत हवी आहे: लघवीच्या रिपोर्टमध्ये मेरोपेनेम हे अँटिबायोटिक 'एस' (जंतूवर चालतं) असताना साधी गोळी का दिली?

सासूबाई, वय 62, रावेरजवळ राहतात. लघवीला जळजळ सुरू झाली. आपल्याकडचा मे महिना, त्यामुळे घरात सगळ्यांनी उन्हाळीच धरली आणि धने-जिऱ्याचं पाणी चालू केलं. मग मेडिकलवाल्याने अ‍ॅझिथ्रोमायसिन दिली (शेजारच्या काकूंचा खोकला म्हणे तिनेच गेला!). फरक शून्य.

शेवटी जळगावला लघवीचं कल्चर (जंतू वाढवून बघायची तपासणी) केलं. ई. कोलाय नावाचा जंतू निघाला. अ‍ॅम्पिसिलिन, सिप्रोफ्लॉक्सासिन 'आर' (जंतूवर चालत नाही). नायट्रोफुरँटॉइन, अ‍ॅमिकासिन, मेरोपेनेम 'एस'. डॉक्टरांनी नायट्रोफुरँटॉइनची गोळी दिली. दीर अडून बसलेत, "सगळ्यात पॉवरचं मेरोपेनेम, तेच सलाइनमधून लावा." ताप नाही, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) नॉर्मल आहे. कोणी नीट समजावेल का?

प्रतिसाद

ताई, डॉक्टरांचं बरोबर आहे. औषध जंतूला कुठे मारतं आणि शरीरात कुठे साठतं, हे दोन्ही बघावं लागतं.

अ‍ॅम्पिसिलिन आणि मेरोपेनेम एकाच बीटा-लॅक्टम घराण्यातले, दोघं जंतूची भिंत बांधू देत नाहीत. पण अ‍ॅम्पिसिलिन तोडणारं एन्झाइम बरेच ई. कोलाय बनवतात. मेरोपेनेम अशा बहुतेक एन्झाइमांना पुरून उरतं, म्हणूनच ते गंभीर संसर्गाच्या पेशंटसाठी राखायचं. सिप्रो डीएनएच्या कामात अडथळा आणतं. अ‍ॅमिकासिन आणि अ‍ॅझिथ्रो दोन्ही जंतूचं प्रथिन बनवणं बिघडवतात, पण अ‍ॅमिकासिन इंजेक्शननेच द्यावं लागतं आणि किडनी-कानांना त्रास देऊ शकतं.

अ‍ॅझिथ्रो फुप्फुसासारख्या अवयवांत भरपूर शिरते, लघवीत फारच कमी उतरते, शिवाय ई. कोलायच्या मूत्रमार्गाच्या संसर्गावर ती द्यायचं औषधच नाही. काकूंचा खोकला बहुधा आपोआपच गेला असेल. नायट्रोफुरँटॉइनचं उलट: रक्तात नावापुरती, मूत्राशयात दाट. ती जंतूच्या आत गेल्यावर एकाच वेळी बऱ्याच गोष्टी बिघडवते, त्यामुळे इतकी वर्षं वापरूनही ई. कोलाय तिला सहसा दाद देतो. दिरांना सांगा, जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत ती पहिल्या पसंतीच्या 'अ‍ॅक्सेस' गटात आहे, मेरोपेनेम जपून वापरायच्या 'वॉच' गटात.

मात्र रक्तात ती पुरेशी नसते, म्हणून ताप, थंडी किंवा कुशीत दुखणं सुरू झालं तर कोर्स संपायची वाट न बघता डॉक्टरांकडे जा.

धाग्याची मालक

धन्यवाद भाऊ! लघवी गडद पिवळी होतेय, ते?

प्रतिसाद

गोळीमुळेच. जेवणासोबत द्या, मळमळ कमी होईल.