शब्दचर्चा : ‘अकॅथिझिया’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : सोलापुरातील आम्ही काही औषधविक्रेते हॅलोपेरिडॉल हे भास, संशय अशा मानसिक लक्षणांवरचे औषध सुरू असलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी मराठी माहितीपत्रक तयार करीत आहोत. ‘अकॅथिझिया’ या दुष्परिणामासाठी आम्ही ‘अस्वस्थता’ असे लिहिले आहे. ते योग्य आहे का? शिवाय ‘रिसेप्टर’ला ‘ग्राहक’ म्हटले तर चालेल का?

उत्तर : ‘अस्वस्थता’ कृपया घेऊ नये. माणूस मूळ आजारातही अस्वस्थच असतो; त्यामुळे हा शब्द वाचून नातेवाइकांना आजार बळावला असे वाटते, ते डॉक्टरांना तसेच सांगतात आणि कधीकधी ज्या गोळीने त्रास झाला तिचीच मात्रा वाढते. अकॅथिझियाचा रुग्ण बाकावर टेकतो, लगेच उठतो, उभ्या उभ्या एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकत राहतो. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही ‘न बसणे’ असाच आहे. चेक मज्जाविकारतज्ज्ञ हाश्कोवेत्स यांनी तो १९०१ मध्ये योजला, म्हणजे बेल्जियममध्ये यान्सेन यांच्या प्रयोगशाळेत १९५८ मध्ये हॅलोपेरिडॉल तयार होण्याच्या कितीतरी आधी. मराठीत यासाठी शक्य क्रियापद आयते आहे : ‘बसवत नाही’. आपल्याकडे ज्यांच्या घरी तेलुगू किंवा कन्नड बोलतात, त्यांनाही ते सहज कळेल.

‘ग्राहक’ मात्र नको, ‘ग्राही’ लिहावे. औषधाच्या दुकानात ग्राहक म्हणजे गल्ल्यासमोर उभा असलेला माणूस! हॅलोपेरिडॉल मेंदूतील डोपामाइन या संदेशवाहक रसायनाचे डी-२ ग्राही, म्हणजे ते रसायन पेशीवर जिथे चिकटते त्या जागा, अडवते. साधारण ६५ टक्के ग्राही अडले की भास आणि संशय ओसरण्याची शक्यता वाढते, तर सुमारे ७८ टक्क्यांच्या पुढे ताठरपणा, कंप असे हालचालींचे त्रास वाढतात. मधली पट्टी इतकी अरुंद असल्यामुळे दुष्परिणामाचे वर्णन नेमके हवे.

प्रतिप्रश्न : नुसते ‘बसवत नाही’ वाचून लोकांना मूळव्याध किंवा कंबरदुखी आठवणार नाही का?

उत्तर : आक्षेप रास्त आहे. म्हणून पूर्ण वाक्य द्यावे : ‘गोळी सुरू केल्यावर किंवा मात्रा वाढवल्यावर एका जागी बसवत नाही, सारख्या येरझाऱ्या घालाव्याशा वाटतात.’ त्याखाली ‘गोळी स्वतःहून बंद करू नये, डॉक्टरांना हेच शब्द सांगावेत’ असे जोडावे. मात्रा कमी करायची की या त्रासावर प्रोप्रॅनोलॉल हे औषध द्यायचे, हे तेच ठरवतील. ‘मान वाकडी होणे’ या हॅलोपेरिडॉलच्या दुसऱ्या दुष्परिणामाला स्वतंत्र ओळ द्यावी, कारण त्यावर गुण देणारे ट्रायहेक्सिफेनिडिल हे औषध अकॅथिझियात तितकेसे उपयोगी पडत नाही.