टी-पेशींची जनुकं मोजत बसायचं, की इंजेक्शन स्वस्त करायचं?

पेशीवेडा: काल इथे कुणीतरी लिहिलं, "जनुकं-प्रथिनं मोजणं म्हणजे पेपर छापायचा धंदा, पेशंटला काडीचा उपयोग नाही." डोकं फिरलं म्हणून लिहितोय. २०१२, फिलाडेल्फिया. रक्ताचा कॅन्सर झालेल्या सहा वर्षांच्या एमिली व्हाइटहेडला सीएआर-टी दिलं, म्हणजे तिच्याच टी-पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) कॅन्सरवर तुटून पडतील अशा बदलून परत सोडल्या. ताप भडकला, पोर व्हेंटिलेटरवर. रक्तातली प्रथिनं मोजली, आयएल-६ हे दाह भडकवणारं प्रथिन भलतंच वाढलेलं. तेच अडवणारं सांधेदुखीवरचं टोसिलिझुमॅब दिलं, वाचली. मोजलं नसतं तर? आणि पीडी-१, म्हणजे टी-पेशींवरचा ब्रेक: त्याचं जनुक जपानी शास्त्रज्ञ होंजोंना १९९२ साली सापडलं ते पेशी मरतात कशा हे शोधताना. कॅन्सर कुणाच्या डोक्यातही नव्हता.

तिरकस: ते मीच लिहिलंय. फिलाडेल्फिया राहू दे. सासऱ्यांना तोंडाचा कॅन्सर. डॉक्टरांनी निव्होलुमॅबचा, तुमचा तो पीडी-१ झाकणाऱ्या इंजेक्शनचा, कागद दिला; किमतीचा आकडा बघून मेव्हण्याने घडी घालून पाकिटात ठेवला, सासूबाईंना दाखवलाच नाही. टाटाच्या डॉक्टरांनी बघा काय केलं: दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम. नुसत्या गोळ्यांवर वर्षभर जगले १६ टक्के, सोबत हे इंजेक्शन मिळालेले ४३. कुठलं जनुक मोजलं हो त्यासाठी?

नाक्यावरची_काकू: सासरे तंबाखू खायचे का?

तिरकस: खायचे. मग? मरू द्यायचं?

नाक्यावरची_काकू: तसं नाही हो! २०१२ पासून गुटखाबंदी आहे, आमच्या टपरीवर सुपारीची पुडी वेगळी, तंबाखूची वेगळी. पोरं तोंडात एकत्र करतात. आधी ते थांबवा, मग तुमच्या पेशी.

निपाणीकर: तंबाखूवरच माझी इंजिनिअरिंगची फी भरलीय. बंदीबंदी करणाऱ्यांनी त्या रानात दुसरं काय पिकवायचं तेही सांगावं.

नाक्यावरची_काकू: माझा भाऊ बेचाळिसाव्या वर्षी गेला. त्याच्या पोरांची फी कोण भरतंय ते येऊन बघा.

निपाणीकर: ...बोललो ते मागे घेतो. पीक मात्र कुणीच सुचवलं नाही.

पेशीवेडा: धागा कुठे चाललाय! तिरकस, २० मिलिग्रॅम चालेल असं वाटलंच का? पेशंटच्या रक्तातल्या टी-पेशींवर किती पीडी-१ झाकलं गेलं हे आधीच कुणीतरी मोजलं होतं. थोड्या औषधातही बहुतेक झाकलं जातं. म्हणजे तुमचं उदाहरण माझ्याच खात्यात.

तिरकस: घ्या, लावा खात्यात, व्याजासकट. पण ते मोजमाप कंपनीच्या डोसात उतरलं नाही, ते परळला उतरवावं लागलं. मेव्हण्याच्या पाकिटातला कागद परवा पुन्हा बघितला. २४० मिलिग्रॅम लिहिलंय. २०चं नाव आमच्यापुढे कुणी काढलंच नव्हतं.