विचारसरणी कोणाची काढता?

अक्का (ब-२०१): सोसायटीच्या कालच्या मीटिंगमध्ये 'तुमची विचारसरणीच वेगळी' असं मला सगळ्यांसमोर ऐकवलं. मी फक्त म्हटलं, पाण्याला मीटर बसवा. यात विचारसरणी कुठून आली?

सेक्रेटरी: अक्का, राग मानू नका. बोलण्याच्या ओघात गेलं.

अक्का: ओघात नाही. गणपतीच्या वर्गणीपासून चाललंय हे.

भाऊ (अ-४०३): टँकर किती वाजता?

नाना (क-१०२): अक्का बरोबर बोलताहेत. एखादं मत म्हणजे विचारसरणी नव्हे. समाज कसा आहे, कसा असावा, कोणत्या वाटेने बदलायचा, याची एकात एक गुंतलेली मांडणी म्हणजे विचारसरणी. समाजवाद, उदारमतवाद वगैरे. मीटर ही मागणी झाली.

दादा (अ-१०४): मागणीच्या मागे काहीतरी असतंच ना नाना? 'वापरेल तो भरेल' हे एक, 'सगळे सारखं भरू' हे दुसरं.

अक्का: म्हणजे तुमचीही आहेच की! मग माझीच का काढली?

नाना: तेच तर. हा शब्द आपण कायम समोरच्यालाच चिकटवतो. फ्रान्समध्ये देस्त्युत द त्रासी या तत्त्वज्ञाने १७९६ साली 'आयडियॉलॉजी' शब्द काढला, तो 'कल्पनांचं शास्त्र' या साध्या अर्थाने. नेपोलियनने त्रासी आणि त्याच्या मंडळींना हवेत इमले बांधणारे म्हणून हिणवलं, तेव्हापासून या शब्दाला शिवीचा वास लागला. मार्क्सने पुढे सत्ताधारी वर्गाचं हित झाकणाऱ्या कल्पनांसाठी तो वापरला.

वहिनी (ब-३०४): नेपोलियनची मेंटेनन्सची थकबाकी आहे का बघा 😄

भाऊ: टँकर किती वाजता??

चेअरमन: ग्रुप फक्त सूचनांसाठी आहे. कृपया.

अक्का: मग भरीत पार्टीचे फोटो कुठली सूचना होती?

वहिनी: भरिताला मध्ये आणू नका हं अक्का.

नाना: आपल्या फैजपूरला १९३६ साली काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यातलं पहिलं. अध्यक्ष नेहरू, ओढा समाजवादाकडे. गांधीजींचा जोर खादी-ग्रामोद्योगावर. विचारसरणीत एवढं अंतर, तरी एका मांडवात बसले. आपल्याला मीटरवर बसता येईना!

दादा: नाना, तिथे पाण्याचं बिल नव्हतं.

भाऊ: नळले पानी कव्हय येई ते सांगा पहिले.

सेक्रेटरी: टँकर सहाला. मीटरचा विषय पुढच्या मीटिंगला घेतो. दोन्ही बाजूंनी कारणं लिहून आणा. विचारसरणी कोणी कोणाची काढायची नाही.

दादा: आणतो. मीटरचा खर्च कोण देणार तेही लिहा.

अक्का: वापरेल तो.