र, ख, ब : खबर की बखर?

प्रश्न : ‘र, ख, ब’ ही अक्षरं जुळवून शब्द करायचा आहे. ‘खबर’ धरायचा की ‘बखर’?

दोन्ही धरा. त्यांचं नातंही नुसतं अक्षरांपुरतं नसावं. ‘खबर’ मूळचा अरबी, अर्थ बातमी. त्यातली अक्षरं उलटसुलट होऊन ‘बखर’ झाला, असं बरेच अभ्यासक मानतात. सगळ्यांना ही व्युत्पत्ती मान्य नाही, पण अर्थ जुळतो : घडलेल्या गोष्टींची गद्यात लिहिलेली हकिकत ती बखर. कृष्णाजी अनंत सभासदाने राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून लिहिलेली शिवचरित्राची बखर आठवा.

अशा अदलाबदलीला वर्णविपर्यास म्हणतात. संस्कृत ‘लघु’चा प्राकृतात ‘लहु’ झाला आणि मराठीत ‘हळू’. अरबी ‘कुफ्ल’चं आपण ‘कुलूप’ केलं. बोलीत ‘नुकसान’चं ‘नुसकान’ होतं, ‘मतलब’चं ‘मतबल’. असं बोलणाऱ्याला अडाणी ठरवणं मला अजिबात पटत नाही. ‘हळू’ याच वाटेने आला आणि आज प्रमाण मराठीत मानाने बसला आहे.

पण ‘लहु’ची अक्षरं सबंध फिरली असती तर ‘हुल’ झालं असतं. तसं झालं नाही. ल आणि ह या व्यंजनांनी जागा बदलल्या, उकार शेवटीच राहिला. ‘नुसकान’मध्येही ‘सा’चा काना जागचा हलला नाही, तो ‘क’ला मिळाला. जिभेला फिरवायची असतात ती व्यंजनं.

म्हणून कोडं घालणाऱ्याने आधी सांगावं, अक्षरं फिरवायची की वर्ण? ‘राम’ घ्या. अक्षरं फिरवली तर ‘मरा’ एवढंच मिळतं, वाल्या कोळ्याच्या गोष्टीतलं. वर्ण सुटे केले तर र्, आ, म्, अ. मग ‘रमा’ म्हणजे लक्ष्मीही निघते आणि ‘मार’ही. मार म्हणजे मारझोड, आणि बौद्ध कथांत बुद्धाला ध्यानातून ढळवू पाहणारा, तोही मारच.

लहान मुलांना अक्षरांचा खेळच सोपा. मोठ्यांनी मात्र वर्ण सोडवून पाहावेत, भाषा तिथे जास्त दिसते. आता ‘रजा’ घ्या. ‘जार’ चटकन सापडेल. उरलेले दोन शब्द अर्थांसह लिहा. त्यातल्या एकाचा संस्कृतातला अर्थ मराठीतल्या रोजच्या अर्थाहून अगदी वेगळा आहे, तोही द्या.