जिम सायमन्सच्या धर्तीवर सोलापुरात गणित शिक्षकांसाठी निधी

बाळीवेसकर:
रेनेसान्स टेक्नॉलॉजीज या गुंतवणूक कंपनीचे संस्थापक जिम सायमन्स यांनी गणितासाठी पैसा नेमका कसा लावला? इथल्या एका नोंदणीकृत ट्रस्टला गणित शिक्षकांसाठी 10 लाखांची देणगी मिळतेय. सायमन्सच्या मेडॅलियन फंडासारखी गुंतवणूक करून ती वाढवता येईल का?

होटगी रोड:
मेडॅलियनचा विचार सोडा. 1988 ते 2018 या काळात त्याचा परतावा फी वजा जाता वर्षाला सरासरी 39% होता, पण त्यात पैसा जवळजवळ फक्त कंपनीच्या लोकांचाच. फंड मुद्दाम लहान ठेवतात. कमी मुदतीच्या सौद्यांत मोठी रक्कम उतरवली की आपल्याच खरेदीने भाव चढतो आणि नफा तिथेच जिरतो. शिवाय करसवलत टिकवायची तर ट्रस्टने ठरवून दिलेल्या मार्गांतच गुंतवणूक करायची, म्हणजे बँकेतली ठेव, सरकारी रोखे वगैरे.

उचलण्यासारखं आहे ते मॅथ फॉर अमेरिका, सायमन्सनी 2004 मध्ये गणित शिक्षकांसाठी सुरू केलेली संस्था. अनुभवी शिक्षकाला चार वर्षांची फेलोशिप, पगारावर वर्षाला 15,000 डॉलर. त्याने वर्गात शिकवत राहायचं आणि इतर फेलोंबरोबर अभ्यासवर्ग करायचे. गणित उत्तम येणारा माणूस संगणक किंवा वित्त क्षेत्रात निघून जातो, हे सायमन्स पुरतं ओळखून होते. स्वतः तेही स्टोनी ब्रुक विद्यापीठातलं गणित सोडूनच बाजारात आले! पुढे 2023 मध्ये त्याच विद्यापीठाला त्यांच्या फाउंडेशनकडून 50 कोटी डॉलर गेले, तेही कायम निधी म्हणून.

जुळे सोलापूर:
तुम्हीही मुद्दल कायम ठेवा. देणगीदाराकडून ‘ही रक्कम कॉर्पससाठी’ (म्हणजे कायम निधीसाठी) असं लेखी घ्या, नाहीतर ती चालू वर्षाचं उत्पन्न धरली जाते. ठेव वेगळ्या खात्यात. 7% धरले तर व्याज 70,000. करसवलतीसाठी त्यातले 85% म्हणजे 59,500 साधारणपणे त्याच वर्षी खर्च व्हायला हवेत. दोन शिक्षकांना प्रत्येकी महिना साधारण 2,480 बसतात. एकरकमी बक्षीस देऊ नका, त्याने कोणी टिकत नाही. शिक्षक अनुदानित शाळेतला असेल तर संस्थेची लेखी परवानगी आधी घ्या.

बाळीवेसकर:
ट्रस्टच्या उद्देशात ‘शिक्षण’ एवढंच लिहिलंय. चालेल?

जुळे सोलापूर:
बहुधा चालेल, पण विश्वस्तांचा ठराव करून निवडीचे निकष त्यात लिहा. विश्वस्तांचा नातेवाईक निवडू नका, करसवलत तिथेच अडकते. विश्वस्त बदलले असतील तर 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. तो राहिला असेल तर आधी तो भरा. आणि देणगी चेकनेच घ्या, 2,000 रुपयांवरच्या रोख देणगीवर देणाऱ्याला आयकरात वजावट मिळत नाही.