बाथचं गरम पाणी नक्की कुणाचं?

उन्हाळेवाला:
इंग्लंडातलं बाथ शहर इथल्या बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. रोमन स्नानगृहाचं तिकीट काढायचं, हिरव्या पाण्याकडे बघायचं, 'हात घालू नका' ही पाटी वाचायची आणि बाहेर पडायचं. रोज अकरा लाख लिटरच्या वर पाणी, ४६ अंशांचं, जमिनीतून आपसूक येतं. पहिल्या एलिझाबेथ राणीने १५९० मध्ये सनद देऊन झरे शहराच्या हवाली केले. आज मात्र डुंबायचं तर २००६ मध्ये उघडलेल्या थर्मे बाथ स्पाचं महागडं तिकीट घ्या, नाहीतर कोरडे परत या. शहराने एक तरी साधं, स्वस्त स्नानगृह चालवायला हवं होतं. आपल्या गणेशपुरीच्या कुंडात हमालही उतरतो आणि शेठही.

शंकेखोर:
असहमत. सगळ्यांचं होतं कधी ते? अठराव्या शतकात बो नॅश या समारंभप्रमुखाच्या देखरेखीखाली बाथ म्हणजे उमरावांचा हंगामी मुक्काम. गरिबांसाठी १७३८ मध्ये रुग्णालय स्थापन झालं खरं, पण बाहेरगावच्या गरिबांसाठी. खुद्द बाथकरांना प्रवेश नाही. आणि भरती होताना अनामत ठेवायची: बरा झालास तर घरी परतायचं भाडं, मेलास तर मातीचा खर्च!

उन्हाळेवाला:
अहो, बाथकरांना वगळलं ते त्यांना शहरातली स्नानगृहं मोकळी होती म्हणून. हे तर माझ्याच बाजूचं झालं की.

सूक्ष्मदर्शी:
सगळे १९७८ विसरताय. त्या वर्षी रोमन तलावात पोहलेल्या एका मुलीला नेग्लेरिया फाउलेरी या अमीबाचा संसर्ग झाला आणि ती दगावली. हा जीव गरम पाण्यात वाढतो आणि नाकावाटे मेंदूत शिरतो. पाणी प्यायल्याने काही होत नाही, नाकात गेलं तर मात्र वाचणं कठीण. त्यानंतर स्नान बंद झालं. पुढे नवीन बोअर मारून झऱ्याचं स्वच्छ पाणी खालूनच उचलायची सोय केली. रोमन तलाव आजही उघडा आहे, त्यातला हिरवा रंग शेवाळाचा, आणि तळाला रोमनांनी घातलेले शिशाचे पत्रे. तिथे कुणाला उतरवायचंय? गणेशपुरीचं म्हणाल, तर तिथलं पाणी शेवटचं कधी तपासलं, ते विचारून बघा.

उन्हाळेवाला:
बंद का केलं ते पटतं. महाग का केलं ते नाही. शिवाय सरकारी आरोग्यसेवेने तिथल्या पाण्याच्या उपचारांचा खर्च उचलणं १९७६ मध्येच थांबवलं होतं, अमीबाच्या आधी. हंगेरीत डॉक्टरांच्या चिठ्ठीवर विम्यातून असे उपचार अजून मिळतात.

पाटीपुसणी:
थोडं अवांतर. त्या झऱ्यात रोमन काळातल्या, शाप कोरलेल्या शिशाच्या सुमारे १३० पट्ट्या सापडल्यात, बऱ्याचशा चोरीबद्दलच्या. डोसिलियानस नावाच्या माणसाचा टोपीवाला झगा गेला. चोर 'पुरुष असो की स्त्री, गुलाम असो की स्वतंत्र', त्याला झोप आणि मूलबाळ मिळू नये, असं झऱ्याच्या सुलिस देवीला साकडं. म्हणजे गुलामाचाही संशय यावा इतकी मिसळ तिथे होती ना?

शंकेखोर:
तो शापाचा ठरलेला मसुदा हो. त्यावरून गुलाम शेजारी बसून शेक घ्यायचे असं कसं म्हणता येईल? मालकाचे कपडे सांभाळायलाही आले असतील.

हिशेबनीस:
पैशाचं कुणीच बोलत नाहीये. थर्मेचा अंदाज साधारण १.३ कोटी पौंडांचा होता, खर्च ४.५ कोटींवर गेला. २००३ मध्ये उद्घाटनाचा म्हणून तीन प्रख्यात टेनर गायकांचा जलसा झाला, पण तलावांचा रंग सुटायला लागला आणि दार उघडायला आणखी तीन वर्षं लागली. हा भार घेतल्यावर शहराने वर स्वस्त हमामही चालवायचा? रोमन स्नानगृहाच्या तिकिटांवर पालिकेला मोठं उत्पन्न मिळतं, ते पर्यटकांच्या खिशातून येतं. येऊ द्या.

उन्हाळेवाला:
मग त्याच उत्पन्नातून क्रॉस बाथ, तो छोटा उघडा तलाव, आठवड्यातून एक दिवस रहिवाशांना नाममात्र दरात द्या. पाणी तर झऱ्याचंच, ते कुठे विकत घ्यायचंय?

हिशेबनीस:
पाणी फुकट, गाळणी, जीवरक्षक आणि विमा नाही. सोमवार सकाळ देत असाल तर माझी हरकत नाही. शनिवार मागितलात तर मात्र मी विरोधात.